अमुकच्या जागी

सोमवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी कॉम्प्युटरच्या पडद्यावरच्या पहिल्या ओळीत माझं नाव नव्हतं. ओळ होती. ‘रचना’ हा शब्द होता, त्यापुढं दोन टिंबं होती, एक मोकळी जागा होती, आणि मग यज्ञेश बोरगावकर. मी चष्मा काढला, ओढणीनं पुसला, परत घातला. चष्म्याचा काही दोष नव्हता. खिडकीखाली कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती. माझं नाव मी स्वतः पंचवीस मिनिटांपूर्वी टाइप केलं होतं. इरावती मुंडले. अकरा वर्षं दर जूनमध्ये मी ते तसंच टाइप करत आले होते, आज्ञेच्या अगदी शेवटी, एंटर दाबण्याआधी. बोटांना त्याची सवय झाली होती, डोळ्यांना नव्हती. डोळ्यांनी त्या ओळीकडं गेल्या कित्येक वर्षांत बघितलंही नसेल. आज का बघितलं ते सांगता येणार नाही. दात पडला की जीभ तिथंच जाते, तसं काहीतरी असेल. फक्त इथं जीभ आधी गेली आणि दात पडल्याचं मग कळलं.

आमच्या प्रोग्रॅमचं नाव ‘पायरी’. गंगेचं पाणी पावसाळ्यात कुठवर चढेल हे तो सांगतो, पण मीटरमध्ये सांगत नाही. मीटर घाटावर कुणाला दिसत नाही. दुर्गाघाटावर उद्या दुपारपर्यंत पाणी बाराव्या पायरीवर येईल, असं सांगितलं की नाववाला नाव हलवतो, उपाध्याय आपली लाकडी चौकी आणि छत्री उचलतो, फुलवाली टोपली घेऊन वर जाते. त्यासाठी प्रत्येक घाटाच्या पायऱ्या कुणीतरी मोजायला हव्या होत्या, प्रत्येक पायरीची उंची फूटपट्टीनं घ्यायला हवी होती. ते मी केलं. अकरा उन्हाळे. दरवर्षी गाळ बसतो, दगड खचतात, कुठं नवी फरशी होते, म्हणून दरवर्षी परत. अमृतराव घाटावर एका उन्हाळ्यात मला घेरी आली तेव्हा एका नाववाल्यानं माझ्या डोक्यावर गंगेचं पाणी ओतलं आणि म्हणाला, “दीदी, गिन लीजिए, हम भी गिन रहे हैं, बयालिस हुआ था.” बेचाळीसच झालं होतं.

आणि या सगळ्याचे तुकडे एकत्र जोडून दरवर्षी नवा प्रोग्रॅम बांधायचा, त्यासाठी एक स्क्रिप्ट. नऊशे बारा ओळी. कुठला तुकडा आधी, कुठला नंतर, कुठल्या घाटाचं नाव कुठं बसवायचं, हे सगळं त्या स्क्रिप्टमध्ये. ती ज्या भाषेत लिहिली आहे ती भाषा लोकांना आवडत नाही. मला आवडते. तिच्यात सगळंच अक्षरांची माळ असतं. आकडा म्हणजे अक्षरांची माळ, खरं आणि खोटं म्हणजेही अक्षरांचीच माळ. माळ तोडायची, जोडायची, तिच्यातला एक तुकडा शोधून त्या जागी दुसरा ठेवायचा, एवढंच तिला येतं. आणि तिचा एक स्वभाव आहे. जे ठाऊक नाही ते मागितलं तर ती ओरडत नाही, तक्रार करत नाही. रिकामी माळ देते. शोधायला सांगितलेलं सापडलं नाही तरी ती काही म्हणत नाही, होतं तसं पुढं चालू ठेवते. घरातल्या मोठ्या मुलीसारखी. मी तिच्यात काम करत असताना मला कधी एकटं वाटलं नाही.

ती ओळ सापडायला मला सात मिनिटं लागली. सहाशे एक्केचाळिसावी. हिंदी अक्षरं नीट दिसावीत म्हणून मी लिहिलेल्या भागाच्या आणि घाटांच्या नावांच्या यादीच्या मध्ये, जिथं कुणी बघत नाही. रचनाकाराच्या जागी जी माळ येईल तिच्यात ‘इरावती मुंडले’ शोधा, सापडेल तिथं ‘यज्ञेश बोरगावकर’ ठेवा. मला लगेच कळलं यज्ञेशनं असं का केलं. त्यानं आधी माझं नाव सगळ्या फायलींत शोधलं असणार. ते कुठंच नव्हतं, कारण ते फक्त माझ्या बोटांत होतं. फायलीत नुसती रिकामी जागा होती, आणि मी दरवर्षी बसून ती भरत होते. नाव येतं कुठून ते त्याला कळेना, म्हणून त्यानं ते आल्यावर पकडायचं ठरवलं. शोधून बदलण्याचा तो छोटा भागही माझाच, घाटांची नावं लोक तीन-तीन तऱ्हांनी लिहितात ती एकसारखी करायला लिहिलेला. हे वाचताना मला राग आला नाही. राग नंतर आला, बदलांच्या नोंदीत तारीख बघितली तेव्हा. प्रत्येक बदल कुणी केला, कधी केला, कशासाठी केला हे तिथं राहतं. यज्ञेश बोरगावकर. एकोणीस एप्रिल, सकाळी नऊ बावन्न. ‘किरकोळ दुरुस्ती.’ एकोणीस एप्रिलला मी रजेवर होते. अण्णांचं, माझ्या वडिलांचं, वर्षश्राद्ध होतं. दुपारी तो आमच्याकडं जेवायला आला होता. त्यानं वडे मागून घेतले होते, खीर दोनदा घेतली होती आणि अण्णांच्या फोटोसमोर हात जोडून बराच वेळ उभा राहिला होता. बराच म्हणजे किती, ते मी तेव्हा मोजलं नाही.

यज्ञेश इथं आला तेव्हा सव्वीस वर्षांचा होता, नगरहून आलेला, हिंदीला घाबरणारा. नदीपलीकडच्या रामनगरच्या बाजाराशेजारची आमची ही संस्था तेव्हा दोन खोल्यांची होती. मी त्याला तू म्हणत असे, तो मला ताई. ती भाषा त्याला मी शिकवली. जेवणाच्या डब्यावर डबा ठेवून, माळ कशी तोडायची, कशी जोडायची. दुसऱ्या वर्षी त्याचे वडील गेले. अस्थी घेऊन तो इथंच परत आला आणि म्हणाला, “ताई, मला यातलं काही येत नाही.” अण्णांनी त्याला अमृतराव घाटावर नेलं. अण्णा दुर्गाघाटावरचे उपाध्याय. त्यांचा आवाज लहान होता पण नदीवर ऐकू जायचा. ते प्रत्येक नावाशी थांबले. वडिलांचं नाव यज्ञेशनं सांगितलं, आजोबांचंही सांगितलं. पणजोबांशी तो अडला. अण्णा हातात पळी धरून थांबून राहिले. मागं दोन घराणी रांगेत होती, ऊन चढत होतं, कुणीतरी म्हणालं, “पंडितजी, जल्दी कीजिए.” अण्णा म्हणाले, “फोन लाव. आईला विचार.” त्यानं फोन लावला, आईला माहीत नव्हतं, आईनं आत्याला विचारलं. अकरा मिनिटं अण्णा थांबले. मग नाव आलं, आणि ते नाव उच्चारताना यज्ञेश रडला.

त्या दिवशी आमच्याकडं जेवताना मी त्याला अमुकची गोष्ट सांगितली. पोथीत संकल्प छापलेला असतो तिथं नाव नसतं, ‘अमुक’ असतं. अमुक गोत्र, अमुक शर्मा. त्या जागी समोरच्या माणसाचं नाव घालायचं. एकदा पितृपक्षाच्या गर्दीत अण्णांनी मदतीला एक माणूस घेतला. त्यानं साताऱ्याच्या एका मास्तरांकडून घाईघाईनं तर्पण करवलं, पोथीत बघून, आणि तसंच म्हणून टाकलं: अमुकगोत्र, अमुकशर्मा. मास्तर पाणी सोडत राहिले. शेवटी म्हणाले, “गुरुजी, हा अमुकशर्मा कोण? आमच्याकडं कुणी नव्हते.” अण्णांनी सगळं पहिल्यापासून पुन्हा केलं आणि त्या माणसाला परत कधी बोलावलं नाही. ते म्हणायचे, अमुक हा शब्द वाचण्यासाठी नाही. तो थांबण्यासाठी आहे. तिथं थांबायचं, माणसाकडं बघायचं, विचारायचं. यज्ञेश हसला होता. मग म्हणाला होता, “म्हणजे ताई, हे आपल्या स्क्रिप्टसारखंच. मोकळी जागा आणि भरणारा.” मला तेव्हा फार आनंद झाला होता. शिकवणाऱ्याला होतो तसा. आता तो आनंद आठवला की तोंडात तांब्याच्या भांड्याची चव येते.

चार वर्षांपूर्वी तो प्रकल्पप्रमुख झाला. मी आपणहून त्याला तुम्ही म्हणायला लागले. त्यानं अडवलं नाही. त्या सोमवारी दुपारी मी त्याच्या खोलीत गेले. तो कुणाशी तरी फोनवर हिंदीत बोलत होता; आता त्याला हिंदीची भीती वाटत नाही. “बसा ना ताई.” मी उभीच राहिले. म्हटलं, “नवी आवृत्ती तयार आहे. पहिल्या ओळीत नाव वेगळं येतंय.”

“हो का?” तो म्हणाला. मग फोन बाजूला ठेवून, “अच्छा, ते. ताई, वरून आलंय ते. एकच नाव हवं म्हणतात, जबाबदार अधिकाऱ्याचं. मी खूप सांगितलं. तुम्हाला माहितेय मी किती सांगितलं असेल.”

“हो.”

“आणि आभारात आहात की तुम्ही! शेवटच्या पानावर. मी स्वतः घातलंय.”

“बघितलं,” मी म्हटलं. आभारात तेवीस नावं होती. माझं अठरावं. एकोणिसावं, छपाई करून देणाऱ्याचं.

“आणि खरं सांगू का? नावाचं काय एवढं. काम बोलतं. अण्णा काय म्हणायचे?”

अण्णा असलं काही म्हणायचे नाहीत. मी म्हटलं, “गुरुवारच्या समारंभासाठी तीच आवृत्ती लावू?”

“तुम्हीच लावा. तुमच्याशिवाय कोण लावणार?” तो हसला. त्याच्या हसण्यात खोट नव्हती, हे मला सगळ्यात जास्त लागलं. त्याला खरंच वाटत होतं की माझ्याशिवाय कुणी नाही, आणि म्हणूनच हे चालेल.

घरी जाताना ऑटो पुलावर अडकली. खाली नदी जूनमधली, बारीक, वाळूच्या मधून जाणारी, कुणाचंही काही वाकडं करू शकणार नाही अशी. मी हिशेबानं विचार करत होते. तक्रार करायची तर समितीकडं. समितीचा अध्यक्ष तो. सगळी स्क्रिप्ट पुसून टाकायची तर तीन ठिकाणी प्रती, आणि पुसणारीचं नाव नोंदीत. मग मला आणखी एक गोष्ट सुचली. दोन माळा बदलल्या की दुर्गाघाटाचा आकडा ब्रह्माघाटाला जातो आणि ब्रह्माघाटाचा दुर्गाघाटाला. फक्त दोन माळा. ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी पाणी सांगितल्यापेक्षा तीन पायऱ्या वर येईल आणि वर्तमानपत्रात त्याचं नाव येईल. फक्त त्याचंच नाव, कारण दुसरं कुठलं नाव पहिल्या ओळीत नाही. मी हे पूर्ण विचारात घेतलं, शेवटापर्यंत. डोक्यावर पाणी ओतणारा तो नाववाला त्या तीन पायऱ्यांमध्ये कुठं असेल तेही बघितलं. मग ऑटोच्या दांडीला धरलेला माझा हात मला दिसला, बोटं पांढरी पडली होती. मला स्वतःची भीती वाटली आणि त्याबद्दलही मी त्यालाच दोषी धरलं. माझं नाव त्यानं घेतलं ते घेतलं. पण या पुलावर, या उन्हात, मला असा विचार करायला लावला, ते त्याच्या खात्यावर वेगळं.

मैदागिनच्या चौकात उतरून गल्लीतून चालत घरी आले. दादा, माझा मोठा भाऊ काशीनाथ, अण्णांची चौकी आता तोच चालवतो, ओसरीवर दर्भ निवडत बसला होता. “काय गं इरा, तोंड का असं? किसीने कुछ कहा क्या?”

“नाही.”

“मग पाणी पी. गुरुवारी आम्हाला पण बुलावा आहे, तुझ्या ऑफिसचा. गाडी पाठवणार म्हणे. गाडी कुठं येणार, गल्लीत? मैदागिनपर्यंत चालतच जायचंय ना शेवटी.” तो हसला. “नाश्ता असतो का गं तिथं?”

मी पाणी प्यायले. त्याच्या पुढ्यात अण्णांची पोथी उघडी होती, कडा बोटांनी काळ्या झालेली. पानावर मधोमध छापलेलं होतं: अमुक. मी उभ्या उभ्या ते तीन वेळा वाचलं. आणि मला थंड वाटलं, उन्हातून आल्यावर देवघराच्या फरशीवर पाय ठेवल्यासारखं.

मंगळवार आणि बुधवार मी तपासण्यात घालवले. करायचं काहीच नव्हतं खरं तर. स्क्रिप्टमध्ये एकही अक्षर बदलायचं नव्हतं. त्याची ओळ माझं नाव शोधत होती. मी शेवटी माझ्या नावाऐवजी दुसरं काही टाइप केलं की तिला काही सापडणार नव्हतं, आणि ती मुकाट्यानं बाजूला होणार होती. तरीही मी मागच्या पाच पावसाळ्यांचे आकडे घालून दोनशे साठ इशारे काढले, जुन्या आवृत्तीतून आणि नव्या आवृत्तीतून, आणि एकापुढं एक ठेवून ताडून बघितले. एका अक्षराचाही फरक नव्हता. सूड घ्यायचा तर तो ज्याचा त्याच्याशी असावा, पाण्याशी नको. बुधवारी संध्याकाळी पाच वाजता मी शेवटची आज्ञा टाइप केली. शेवटी, नावाच्या जागी, अमुक शर्मा. एंटर दाबताना माझा हात अगदी स्थिर होता. ते मला आवडलं. मी कल्पनेत गुरुवार किती वेळा बघितला सांगता येणार नाही. मोठा पडदा. पहिली ओळ. पुढच्या रांगेत अधिकारी, मागं घाटांवरचे उपाध्याय, सगळे त्या शब्दाचा अर्थ जाणणारे. आधी एक हसेल, मग दुसरा. मग तो वळून पडद्याकडं बघेल. मला फक्त त्याची मान वळताना बघायची होती.

गुरुवारी सभागृह भरलं होतं. पंखे आवाज करत होते. दादा तिसऱ्या रांगेत, उपरणं नीट घडी करून मांडीवर ठेवलेलं. मी बाजूला, मशीनपाशी. यज्ञेश माइकसमोर उभा राहिला, त्यानं मला मान हलवून खूण केली, मी प्रोग्रॅम सुरू केला. पडद्यावर मोठ्या अक्षरांत उमटलं: पायरी. आणि त्याखाली, रचना: अमुक शर्मा. जसं मी बघितलं होतं तसंच झालं. आधी मागच्या रांगेत एक म्हातारे उपाध्याय हसले. मग दुसरे. कुजबूज पुढं सरकत आली. यज्ञेशची मान वळली. दोन सेकंद, कदाचित अडीच. त्याच्या कानामागची शीर मला दिसली. त्यानं पडद्याकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, आणि मला दिसलं की त्याला कळलं आहे. सगळं कळलं आहे. त्या अडीच सेकंदांसाठी मी अकरा उन्हाळे परत मोजले असते.

मग तो माइककडं वळला. हसला. “आप लोग हँस रहे हैं,” तो म्हणाला. “हँसिए. यही तो हम चाहते थे.” आणि मग त्यानं, स्वच्छ, सावकाश, आता ज्याची त्याला भीती वाटत नाही त्या हिंदीत, गोष्ट सांगितली. माझे आजोबा सांगायचे, तो म्हणाला. पितृपक्षाची गर्दी. साताऱ्याचे मास्तर. गुरुजी, हा अमुकशर्मा कोण? सभागृह हसलं. आजोबा म्हणायचे, अमुक हा शब्द वाचण्यासाठी नाही, थांबण्यासाठी आहे. तो थांबला. किती थांबायचं ते त्याला बरोबर माहीत होतं. ते त्यानं घाटावर अण्णांकडं बघून शिकलेलं होतं. मग म्हणाला, या कामावर मी माझं नाव घालू शकलो असतो. पण हे काम कुणा एकाचं नाही. ते नाववाल्याचं आहे, उपाध्यायाचं आहे, फुलवालीचं आहे. अमुक म्हणजे आपण सगळे. टाळ्या झाल्या. पुढच्या रांगेतल्या पाहुण्यांनी चष्मा काढून डोळे टिपले. मी रांगा बघत गेले. तिसऱ्या रांगेत दादा टाळ्या वाजवत होता. उपरणं खाली पडलं होतं आणि त्याला ते कळलं नव्हतं.

नंतर रामनगरच्या बाजारातून मागवलेली लस्सी आली, मातीच्या कुल्हडमधून, वर मलई. यज्ञेश स्वतः एक कुल्हड घेऊन माझ्यापाशी आला. “ताई,” तो हळू आवाजात म्हणाला, “एकदम क्लास. मला क्षणभर काही कळेचना. पण अण्णांनी वाचवलं.” त्याच्या डोळ्यांत राग नव्हता. बुद्धिबळ खेळताना समोरच्यानं चांगली चाल केली की माणूस बघतो तसं तो बघत होता. “दिल्लीला पाठवायची प्रत मात्र सोमवारी संध्याकाळी पाचच्या आत जायला हवी. त्यात गंमत नको हं. नीट नाव येऊ दे.”

“सोमवारपासून मी रजेवर आहे,” मी म्हटलं. तोपर्यंत मलाही हे माहीत नव्हतं.

“आत्ता रजा?”

“पायऱ्या मोजायच्यात. तुम्ही स्वतः बांधा ना. मी सगळं लिहून ठेवते, एक-एक पायरी.”

“मी? किती वर्षं झाली हात लावून.” पण त्याला बरंच वाटलं असावं. “चालेल. तेच बरं, नाही का?”

घरी दादा म्हणाला, “काय बोलला गं! अण्णांची गोष्ट. अगदी तशीच, हूबहू.”

“त्यानं आपल्या आजोबांची म्हणून सांगितली, दादा.”

“अरे हां.” तो विचारात पडला. “पण सांगितली चांगली ना. अण्णा कुठं अशी सांगायचे? अण्णा खोकायचेच जास्ती.” मग माझ्याकडं बघून, “तू का परेशान होतेस? गोष्टीला काय मालक असतो?”

 मी माझी चूक शोधत होते, ओळीओळीनं, जशी नेहमी शोधते. शुक्रवारी दुपारी कागद लिहायला बसले तेव्हा ती सापडली. मी त्याला ‘अमुक’ हा शब्द दिला होता. तिथंच चुकलं. शब्द दिला की त्याचं काय वाटेल ते करता येतं, त्याच्यावर भाषण करता येतं, तो आजोबांच्या तोंडी घालता येतो. यज्ञेशला शब्द देणं म्हणजे शिंप्याला कापड देणं. मी कागदावर अकरा पायऱ्या लिहिल्या, सुवाच्य, प्रत्येक आज्ञा जशीच्या तशी. एकही खोटी नव्हती, एकही गाळलेली नव्हती. शेवटच्या आज्ञेपुढं नाव टाइप करायचं, हे मी त्यात लिहिलं नाही, कारण ते कुठल्याच कागदावर कधी नव्हतं. कुणी मला ते लिहायला सांगितलं नव्हतं. अकरा वर्षांत मला कुणी विचारलं नव्हतं की हे नाव येतं कुठून.

सोमवारी सकाळी मी अमृतराव घाटावर होते. ऊन अजून तिरपं होतं. दगडांच्या सांध्यांत गेल्या वर्षीचा गाळ वाळून भेगाळला होता. मी फूटपट्टी घेऊन खालून सुरुवात केली. सोळाव्या पायरीवर फोन वाजला. अकरा वाजून पाच मिनिटं.

“इरावतीताई,” तो म्हणाला. संपूर्ण नाव घेऊन त्यानं मला कधीपासून हाक मारली नव्हती. “ताई, तुमच्या कागदाप्रमाणं सगळं केलं. बांधलं गेलं. एकही चूक दाखवत नाहीये. पण नावच येत नाही.”

“काय येतं?”

“रचना, दोन टिंबं, आणि पुढं काही नाही. रिकामं.”

“अमुक नाही?”

“नाही हो. काहीच नाही.” त्याच्या आवाजात मागं टाइप करण्याचा आवाज मिसळत होता. “मी तीनदा बांधलं. कुठंतरी काहीतरी बिघडलंय.”

“काही बिघडलेलं नाही,” मी म्हटलं. “तुझी ओळ बरोबर आहे.”

टाइप करण्याचा आवाज थांबला. तू म्हटल्यामुळं की ओळ म्हटल्यामुळं, मला कळलं नाही. खाली एक नाव दोरीला लागून दगडावर आपटत होती.

“कुठली माझी ओळ?”

“सहाशे एक्केचाळीस. एकोणीस एप्रिलची. त्या दिवशी तू आमच्याकडं जेवायला होतास.”

नाव आणखी तीन वेळा आपटली. “ताई,” तो म्हणाला, “ते मी... ते वरून...”

“ती ओळ माझं नाव शोधते. सापडलं की त्या जागी तुझं ठेवते. माझं नाव आलंच नाही तर तुझं ठेवायला जागा नाही. एवढंच आहे. भाषेचा दोष नाही.”

“पण मग तुमचं नाव येतं कुठून?” त्यानं विचारलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा. “ताई? कुठल्या फायलीत आहे ते? मला फक्त फाइल सांगा.”

“मी मोजतेय रे,” मी म्हटलं. “विसरेन.” आणि फोन ठेवला.

कधीतरी त्याला सुचेल की सरळ आपलं नाव लिहून टाकावं. हुशार आहे तो, मीच शिकवलंय. संध्याकाळी पाचच्या आत सुचेलही. पण आधी तो शोधेल. मी ओळखते त्याला. शोधायच्या चौकटीत तो माझं नाव लिहील, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत, काना-वेलांटीसकट, आणि एंटर दाबेल. मशीन त्याला त्याचीच ओळ दाखवेल, दुसरं काही नाही. मग तो दुसऱ्या फायलीत लिहील. इरावती मुंडले. सापडलं नाही. मग आडनाव आधी घालून. मग नुसतं इरावती. नऊशे बारा ओळी, एकशे चाळीस फायली. ज्या बोटांनी त्यानं ते काढलं त्याच बोटांनी तो आत्ता, या क्षणी, ते परत परत लिहीत असेल. मला बरं वाटलं. फार बरं नाही. पण मोजता येईल इतकं.

फोन पुन्हा वाजायला लागला. मी पुढच्या पायरीवरचा गाळ नखानं खरवडला, फूटपट्टी दगडाला लावली आणि उंची वहीत लिहिली. सतरा.